विलंबाने बोलणारे मूल आणि घरची बोली

दोन वर्षांचे मूल बोलत नाही, अशी चिंता घेऊन पालक प्रथम बालरोगतज्ज्ञाकडे जातात, भाषाशास्त्राच्या अध्यापकाकडे येत नाहीत. आणि हा क्रम उचितच आहे. कानाची परीक्षा, मेंदूच्या व स्नायूंच्या वाढीचा अंदाज, आहार, जन्मकाळची परिस्थिती या बाबी वैद्यकाच्या कक्षेतील आहेत. परंतु तपासणी आटोपून कुटुंब घरी परतते तेव्हा त्याच्या पदरी जे सल्ले पडलेले असतात, त्यांपैकी एक सर्वस्वी भाषाविषयक असतो. 'मुलाशी घरात एकच भाषा बोला' असा तो सल्ला होय. तो कधी चिकित्सकाकडून मिळतो, कधी बालवाडीच्या शिक्षिकेकडून, कधी शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून. ती एक भाषा कोणती हे स्पष्ट सांगितले नाही तरी सर्वांना उमगते: पुढे ज्या भाषेत शाळा व्हावयाची ती. प्रस्तुत लेखात या सल्ल्याची परीक्षा करावयाची असून, विकासात मागे पडलेल्या लहान मुलाला घरच्या घरी आधार देताना घरच्या बोलीचे स्थान काय, याचा मराठीतील उदाहरणांच्या साहाय्याने विचार करावयाचा आहे.

नागपूरच्या संदर्भात या प्रश्नाला विशेष धार येते. १ नोव्हेंबर १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत हे शहर ज्या राज्याची राजधानी होते, त्या राज्यात हिंदी व मराठी या दोन्ही भाषांना स्थान होते. पुढे राजधानी गेली. हिंदी गेली नाही. आज येथील एखाद्या मध्यमवर्गीय घरात आजी वऱ्हाडी वळणाचे बोलते, आईवडील प्रमाण मराठीकडे झुकलेले असतात, मूल सांभाळणारी बाई हिंदी किंवा छत्तीसगढी बोलते, आणि अडीच वर्षांच्या मुलाला ज्या खेळगटात पाठवितात तेथे इंग्रजी शब्दांची उजळणी चालते. शहरातील हलबा कोष्टी, गोंड आणि सिंधी वस्त्यांतील चित्र याहून निराळे, परंतु बहुभाषिकतेच्या दृष्टीने तितकेच गुंतागुंतीचे आहे. अशा घरात मूल उशिरा बोलू लागले की दोष भाषांच्या गर्दीवर ठेवणे सर्वांनाच सोयीचे वाटते.

प्रथम संज्ञेविषयी थोडे लिहिणे अवश्य आहे. विकासविलंब हे रोगाचे नाव नसून एका तुलनेचे नाव आहे. स्नायूंच्या मोठ्या हालचाली, बोटांच्या बारीक हालचाली, भाषा, आकलन, आणि माणसांशी वागणे व स्वतःचे स्वतः करणे, अशा क्षेत्रांत त्या वयाची बहुसंख्य मुले जे करतात ते एखाद्या मुलाला साधत नसेल तर त्या क्षेत्रात विलंब आहे असे म्हणतात. दोन किंवा अधिक क्षेत्रांत तो लक्षणीय असेल तर पाच वर्षांखालील मुलाच्या बाबतीत 'सर्वांगीण विकासविलंब' ही संज्ञा योजतात. त्यामागे अकाली जन्म, श्रवणदोष, डाऊन संलक्षण, मेंदूचा पक्षाघात, स्वमग्नता अशी कारणे असू शकतात. कधी निश्चित कारण हाती लागत नाही. तुलना करावयाची तर मानके हवीत. त्या दिशेने आपल्याकडे बडोद्याला झालेले काम महत्त्वाचे आहे. तेथील महाराजा सयाजीराव विद्यापीठात डॉ. प्रमिला फाटक यांनी भारतीय अर्भकांच्या निरीक्षणावरून जी मापनपद्धती सिद्ध केली, तिच्यात तीस महिन्यांपर्यंतच्या मुलांसाठी ६७ कारक व १६३ मानसिक घटक आहेत आणि ती आजही देशभर वापरात आहे.

भाषेपुरते बोलावयाचे तर काही खुणा अशा आहेत की त्या दिसल्यावर वाट पाहू नये. एक वर्षापर्यंत बडबड नाही किंवा बोट दाखवून वस्तूकडे लक्ष वेधणे नाही. सोळा महिन्यांपर्यंत एकही शब्द नाही. दोन वर्षांपर्यंत स्वतःहून जुळविलेले दोन शब्द नाहीत. आणि कोणत्याही वयात, येत असलेली भाषा नाहीशी होऊ लागली. या चारही खुणांमध्ये शेवटची सर्वांत गंभीर होय. 'याचे वडीलही तीन वर्षांचे होईतो बोलले नव्हते' हे वाक्य आपल्या घरांतून फार ऐकू येते. दोन वर्षांच्या वयात पन्नासही शब्द नसलेली पुष्कळ मुले पुढे आपोआप बरोबरीला येतात, हे खरे आहे. पण कोणते मूल बरोबरीला येईल आणि कोणते येणार नाही, हे त्या वयात कोणालाही खात्रीने सांगता येत नाही. म्हणून श्रवणपरीक्षा तत्काळ करून घ्यावी. टाळी वाजविल्यावर मूल वळून पाहते, एवढ्यावरून त्याला 'स' आणि 'श' यांतील भेद ऐकू येतो असे सिद्ध होत नाही. जन्मतः श्रवणदोष असलेल्या ज्या मुलांचा दोष सहा महिन्यांच्या आत ओळखला गेला, त्यांची भाषा उशिरा ओळखल्या गेलेल्या मुलांपेक्षा बरीच पुढे गेली, हे योशिनागा-इटानो व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये दाखवून दिले आहे. शासकीय पातळीवर २०१३ पासून चालू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात फिरती पथके अंगणवाड्यांत जाऊन विकासविलंबाची चाचपणी करतात आणि पुढील उपचारांसाठी जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राची योजना आहे. २०१८ पासून आशा कार्यकर्तीने तिसऱ्या महिन्यापासून पंधराव्या महिन्यापर्यंत पाच वेळा घरी जाऊन मुलाची वाढ पाहावी, असेही ठरलेले आहे. या व्यवस्थेचा तपशील येथे देण्याचे कारण नाही.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. दोन भाषा कानावर पडल्याने मूल उशिरा बोलते काय? याचे उत्तर संशोधनाने बऱ्याच अंशी दिलेले आहे आणि ते नकारार्थी आहे. पिअरसन, फर्नांडेझ आणि ओलर यांनी १९९३ मध्ये स्पॅनिश व इंग्रजी ऐकत वाढणाऱ्या मुलांचा शब्दसंग्रह मोजला. एकेका भाषेतील शब्द वेगळे मोजले असता मुले मागे पडल्यासारखी दिसतात. दोन्ही भाषांतील शब्द एकत्र मोजले की एकभाषिक मुलांच्या तुलनेत उणीव उरत नाही. हा केवळ हिशेबाचा प्रश्न आहे, पण त्यावरून मुलाच्या माथी शिक्का बसतो. आपल्या घरातील मूल 'पाणी' आजीकडून शिकते आणि 'बॉल' खेळगटातून. तपासणाराने फक्त मराठी शब्द विचारले तर अर्धी शिदोरी मोजलीच जात नाही.

याहून महत्त्वाचा पुरावा प्रत्यक्ष विलंब असलेल्या मुलांचा आहे, कारण 'सशक्त मुलाला दोन भाषा झेपतील, अशक्ताला कशा झेपणार' ही शंका स्वाभाविक आहे. कॅनडात के-रेनिंग बर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डाऊन संलक्षण असलेल्या द्विभाषिक मुलांचा अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध केला. त्या मुलांचे इंग्रजी, त्याच विकासपातळीवरील एकभाषिक डाऊन मुलांच्या इंग्रजीपेक्षा कमी प्रतीचे आढळले नाही. दुसरी भाषा मात्र त्यांच्या पदरी अधिक होती. हॅम्ब्ली आणि फाँबोन यांनी २०१२ मध्ये स्वमग्न मुलांच्या बाबतीत असाच निष्कर्ष मांडला. विलंब असलेल्या मुलाला विलंब दोन्ही भाषांत असतो. एक भाषा काढून घेतल्याने तो कमी होत नाही.

उलट एक भाषा काढून घेतल्याने काय होते, ते पाहण्यासारखे आहे. वऱ्हाडी बोलणाऱ्या आईला इंग्रजीत बोलावयास सांगितले तर तिच्याजवळ किती वाक्ये असतात? 'कम', 'सिट', 'ईट', 'डोन्ट डू' आणि रंगांची, फळांची, प्राण्यांची नावे. आज्ञा आणि नामे एवढ्यावर तिचा संवाद येऊन थांबतो. रागावणे, समजूत घालणे, चिडविणे, गंमत करणे, उद्याचे बेत सांगणे, काल काय झाले ते आठविणे, यांतले काहीही तिला त्या भाषेत करता येत नाही. आजी तर गप्पच होते, आणि आपल्यामुळे नातवाचे नुकसान होते आहे अशी अपराधी भावना तिच्या मनात घर करते. मुलाला भाषेची सर्वाधिक गरज असते नेमक्या त्याच काळात त्याच्याभोवतीची भाषा आटते. प्रस्तुत लेखकाच्या मते एकभाषेच्या सल्ल्याचा हा सर्वांत मोठा अपाय आहे. आणि तो नोंदवहीत कोठेच दिसत नाही, कारण आई किती बोलत होती व आता किती बोलते, हे कोणी मोजलेले नसते.

बोलीमुळे निदानातही चूक होऊ शकते. वऱ्हाडीत प्रमाण मराठीच्या 'ळ'च्या जागी अनेक ठिकाणी 'य' येतो: 'डोळा' हा 'डोया' होतो, 'काळा' हा 'काया'. 'ण'च्या जागी 'न' तर सर्वत्रच ऐकू येतो. पूर्व विदर्भातील झाडीबोलीत 'ण' व 'ळ' हे ध्वनी आढळत नाहीत. 'मला, तुला' यांच्या जागी 'मले, तुले'; 'का' याच्या जागी 'काहून'; 'करतो आहे' याच्या जागी नागपुरी 'करून राहिला'. आता अशा घरातील साडेतीन वर्षांचे मूल 'मले डोया दुखते' असे म्हणाले, तर त्याने उच्चारदोष दाखविला की आपल्या बोलीचे व्याकरण अचूक आत्मसात केल्याचा पुरावा दिला? पुण्यामुंबईच्या प्रमाण उच्चारांवर बेतलेली कसोटी हातात घेऊन बसलेला परीक्षक पहिला निष्कर्ष काढील. उलट, घरातील वडीलधारी 'डोळा' म्हणत असता मूल बऱ्याच उशिरापर्यंत 'डोया' म्हणत राहिले तर ती गोष्ट विचारात घेण्याजोगी आहे. एकच उच्चार एका घरात बोलीचा विशेष असतो आणि दुसऱ्या घरात अपरिपक्वतेची खूण. म्हणून मुलाचे बोलणे तपासण्यापूर्वी आईचे बोलणे पाच मिनिटे ऐकावे. भाषाशास्त्राच्या पदव्युत्तर विद्यार्थ्याला ही गोष्ट पहिल्या सत्रात शिकवितात, परंतु चिकित्सालयापर्यंत ती क्वचितच पोहोचते.

मोठ्यांनी लहान मुलाशी जी लाडिक, सोपी केलेली भाषा बोलावी, तिच्याविषयीही असेच गैरसमज आहेत. या विषयावर मराठीत झालेले काम आपल्या अभिमानाचे आहे. चार्ल्स फर्ग्युसन यांचा सहा भाषांतील बालभाषेवरील सुप्रसिद्ध निबंध १९६४ साली निघाला. त्या सहांपैकी एक भाषा मराठी होती. त्याच वर्षी डॉ. अशोक केळकर यांचा मराठी बालभाषेवरील स्वतंत्र निबंध 'वर्ड' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यापूर्वी अशा शब्दांकडे पंडितांनी पाहिले ते बहुधा कौतुकाने किंवा उपेक्षेने. येथे त्यांचा व्यवस्था म्हणून विचार झाला. मम्मं, दुदू, भूभू, माऊ, काऊ, चिऊ, हम्मा, जोजो, भुर्र, बाऊ, शी, शू हे आपले घरगुती शब्द न्याहाळले तर त्यांची रचना चटकन लक्षात येते. ओष्ठ्य व दंत्य व्यंजने पुष्कळ, मूर्धन्य जवळजवळ नाहीत, एकच अक्षर दोनदा, जोडाक्षरे टाळलेली, शेवटी बहुधा मोकळा स्वर. अर्थाच्या बाजूने पाहावे तर जेवण, झोप, बाहेर जाणे, दुखणे, मलमूत्र, जवळचे प्राणी, म्हणजे दीड वर्षाच्या मुलाचे अवघे जग त्यांत आलेले आहे. ही यादी कोणत्याही वाणीतज्ज्ञाने बसून तयार केली असती तरी याहून फारशी चांगली झाली नसती.

तेव्हा 'मुलाशी बोबडे बोलू नका, त्याला शुद्ध शब्द सांगा' हा उपदेश सरसकट मानण्याचे कारण नाही. ज्या मुलाचे ओठ अद्याप 'कुत्रा' यातील 'त्र' पेलू शकत नाहीत त्याला 'भूभू' हा शब्द मिळू देणे म्हणजे त्याला एक खरा, इतरांना समजणारा शब्द मिळू देणे होय. शब्दसंख्या मोजताना 'भूभू' मोजावा, आणि गाईला पाहून प्रत्येक वेळी काढलेला 'म्मा' असा उच्चारही मोजावा. स्वर चढवून, लांबवून, ठळक चालीत बोलण्याचा परिणामही तपासला गेला आहे. अमेरिकेत फेरान रामिरेझ, लिटल व कूल यांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, असे बोलण्याचे मार्गदर्शन ज्या पालकांना मुलाच्या सहाव्या, दहाव्या व चौदाव्या महिन्यांत दिले गेले, त्यांच्या मुलांचा शब्दसंग्रह अठराव्या महिन्यात अधिक भरला. ती मुले विलंब असलेली नव्हती, एवढी मर्यादा ध्यानात ठेवावी.

येथे एक भेद मात्र काटेकोरपणे पाळला पाहिजे. शब्द सोपा करणे निराळे आणि वाक्य मोडणे निराळे. विलंब असलेल्या मुलाला सोपे जावे म्हणून 'बाळ, वाटी, पड' अशी प्रत्यय गाळलेली तुटक भाषा बोलण्याची प्रथा काही घरांत पडते. इंग्रजीत अशा तुटक बोलण्याने कदाचित थोडे बिघडत असेल. मराठीत अधिक बिघडते. 'वाटी पडली', 'चमचा पडला', 'भांडं पडलं' या तीन वाक्यांत मराठीची तीन लिंगे, क्रियापदाची त्यांच्याशी असलेली संगती आणि पूर्ण झालेल्या क्रियेची कल्पना, एवढे सर्व सामावलेले आहे. आणि ते वाक्याच्या शेवटी, जेथे मुलाचे कान सर्वाधिक टिपतात तेथे, आलेले आहे. निरोगी मूल ही संगती दहा ठिकाणांहून वेचून घेते. ज्याची वेचण्याची शक्तीच मंद आहे त्याच्यापासून प्रत्यय दडवून ठेवणे म्हणजे त्याला वाट दाखविणारी खूणच पुसून टाकणे होय. वाक्य दोनतीन शब्दांचे असावे, पण ते पुरे असावे.

मराठीची आणखी एक सोय आहे, तिचा उपयोग फारसा केला जात नाही. आपल्या भाषेत एकटे क्रियापद हे संपूर्ण वाक्य होऊ शकते. 'आला', 'गेली', 'संपलं', 'सांडलं', 'दे', 'नको', 'पाहिजे'. पालक मात्र शिकवितात ती नामे: हत्ती, केळे, विमान. भिंतीवरच्या तक्त्यातील चित्रांची नावे म्हणून दाखविणारे मूल पाहुण्यांपुढे उठून दिसते, पण त्या नावांनी त्याला काही मागता येत नाही, नाकारता येत नाही, सांगता येत नाही. बोलू न शकणाऱ्या मुलाची चिडचिड, डोके आपटणे, चावणे यांतील बराचसा भाग 'नको' आणि 'अजून' हे दोन शब्द नसल्यामुळे असतो. हे शब्द तोंडाने येत नसतील तर खुणेने येऊ द्यावेत. हात हलवून 'नको', तळवा पुढे करून 'दे'. खुणा शिकविल्याने मूल बोलण्याचा आळस करील ही भीती निराधार आहे. खूण ही बहुधा शब्दाच्या आधी चालत येते. अनुकरणवाचक शब्दांचे भांडारही असेच हाताशी आहे. टपटप, धाडकन, खळखळ, भुर्रकन, सुं सुं. ध्वनी आणि कृती येथे एकमेकांना चिकटलेली असतात आणि ज्या मुलाला 'पाऊस' म्हणता येत नाही ते 'टपटप' म्हणून जाते.

घरी करावयाचे ते काय, याचे उत्तर पन्नास वर्षांच्या संशोधनातून जे गाळून राहिले आहे ते दिसावयास साधे आहे. मूल जेथे पाहत असेल तेथे आपण पाहावे आणि त्याच वस्तूविषयी बोलावे. त्याचे लक्ष आपल्याकडे ओढून आणून शिकवू नये. त्याने काही केले किंवा उच्चारले की ते बोलणेच समजून उत्तर द्यावे. त्याचा शब्द घेऊन थोडा वाढवून परत करावा. ब्राऊन आणि बेलुगी यांनी १९६४ मध्ये मातांच्या बोलण्यात ही 'विस्तार' नावाची क्रिया टिपली. मूल 'भूभू' म्हणाले, आई म्हणते, 'हो, भूभू आला. भूभू पळून राहिला.' आणि यांतील सर्वांत कठीण गोष्ट: बोलून झाल्यावर थांबावे. मनातल्या मनात पाच किंवा दहा अंक मोजावेत. विलंब असलेल्या मुलाला उत्तर जुळवावयास वेळ लागतो आणि आपली एकत्र कुटुंबे तो वेळ देत नाहीत. मुलाने तोंड उघडण्यापूर्वी तीन माणसे उत्तर देऊन मोकळी होतात. प्रश्नांचा भडिमारही टाळावा. 'हे काय आहे? सांग. काकांना म्हणून दाखव' ही परीक्षा झाली, संभाषण नव्हे. आणि ज्या मुलाला उत्तर येत नाही त्याची ही परीक्षा दिवसातून वीस वेळा होते.

यासाठी वेगळी वेळ काढण्याची वा खेळणी विकत आणण्याची आवश्यकता नाही. संत्र्याच्या दिवसांत नागपूरच्या कोणत्याही घरी संत्रे सोलले जाते. साल काढताना 'काढली', फोड हाती देताना 'घे', बी निघाली की 'बी थुंक', फोड संपली की 'संपलं', आणि मग हातात दुसरी फोड धरून, काही न बोलता, मुलाच्या चेहऱ्याकडे पाहत थांबणे. मूल हात पुढे करील, पाहील, किंवा एखादा आवाज काढील. त्या क्षणी 'अजून? घे अजून' असे म्हणून फोड द्यावी. फोड अडवून धरून रडविणे हा याचा हेतू नाही. दोनचार क्षणांचा विराम पुरे. एका संत्र्यात दहाअकरा फोडी असतात, म्हणजे तोच शब्द त्याच प्रसंगी दहाअकरा वेळा येतो. विलंब असलेल्या मुलाला हीच पुनरावृत्ती हवी असते. आंघोळ, तेल लावणे, कणीक मळणे, धुतलेले कपडे घडी करणे, उन्हाळ्यात कूलरमध्ये पाणी भरणे, हे सर्व असेच ठरलेल्या क्रमाचे प्रसंग आहेत. कूलरचा उल्लेख आला म्हणून सांगतो: एप्रिल ते जून या काळात आपल्या घरांत त्याचा अखंड घरघराट चालू असतो आणि त्यात दूरचित्रवाणीची भर पडते. ज्या मुलाला किंचित कमी ऐकू येते त्याच्या दृष्टीने त्या खोलीत कोणी बोलतच नसते. बोलावयाचे असेल तेव्हा पाच मिनिटे तरी ते यंत्र बंद करावे, किंवा मुलासमोर अगदी जवळ, त्याच्या तोंडाच्या उंचीवर बसावे. भ्रमणध्वनीच्या पडद्याविषयी येथे अधिक लिहीत नाही. दोन वर्षांखालील मुलांना पडदा दाखवूच नये, असे भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचे २०२१ चे मार्गदर्शन आहे, आणि पडदा उत्तरासाठी थांबत नाही हे कारण भाषेच्या दृष्टीने पुरेसे आहे.

घर हेच साधन मानण्याची कल्पना महाराष्ट्राला नवी नाही. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले आणि १९५७ मध्ये ते कोसबाडला नेले. अनुताई वाघ यांच्यासह त्यांनी परदेशी महागड्या साधनांऐवजी शंख, शिंपले, पाने, बिया यांवर बालशिक्षण उभे केले आणि मूल शाळेत येत नसेल तर शाळा त्याच्या अंगणात नेली. विलंब असलेल्या मुलांसाठी घरभेटींची जी पद्धत १९६९ मध्ये अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात पोर्टेज या गावी आखली गेली आणि पुढे भारतातही वापरली गेली, तिचेही तत्त्व असेच आहे: कार्यकर्त्याने आठवड्यातून एकदा जावे आणि आईला दाखवावे, बाकीचे सहा दिवस आईचे.

या पद्धतीचा कस कितपत लागतो? रॉबर्ट्स आणि कायझर यांनी २०११ मध्ये १८ अभ्यास एकत्र करून पाहिले. पालकांनी घरी केलेल्या प्रयत्नांचा मुलांच्या भाषेवर निश्चित परिणाम त्यांना आढळला. आपल्या अधिक जवळचा पुरावा गोव्याचा आहे. तेथील 'संगाथ' या संस्थेने आणि पाकिस्तानातील रावळपिंडी येथील संशोधकांनी मिळून ६५ स्वमग्न मुलांच्या कुटुंबांसह केलेला प्रयोग २०१६ मध्ये 'लॅन्सेट सायकिॲट्री' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. आईमूल खेळत असता त्यांचे चित्रण करावयाचे, ते आईला दाखवावयाचे, आणि मुलाने केलेली सूक्ष्म सुरुवात व तिला आईने दिलेला प्रतिसाद यांवर बोलावयाचे, असे त्याचे स्वरूप होते. हे काम वाणीतज्ज्ञांनी केले नाही. प्रशिक्षण दिलेल्या सामान्य आरोग्य कार्यकर्त्यांनी केले. पालकांचा प्रतिसाद मुलाशी अधिक जुळू लागला आणि मुले स्वतःहून अधिक वेळा संवाद सुरू करू लागली. मुलांच्या शब्दभांडारात मात्र त्या अल्प काळात उल्लेखनीय फरक पडला नाही. हा तपशील गाळून केवळ यश सांगण्याचा मोह टाळला पाहिजे. घरचे प्रयत्न हे तज्ज्ञाच्या उपचारांना पर्याय नाहीत. श्रवणदोषावर श्रवणयंत्रच लागते, आणि जे मूल बसू शकत नाही त्याला आधी नीट बसविणारा भौतिकोपचारतज्ज्ञ लागतो, कारण मान सावरण्यात ज्याची सर्व शक्ती खर्ची पडते ते मूल बोट कसे दाखविणार?

तज्ज्ञ मिळेल तेथे त्याला भाषाशास्त्राने काय द्यावे, हा आपल्या विभागापुढील प्रश्न आहे. पालकांनी आपल्या मुलाला येणाऱ्या शब्दांवर खुणा कराव्यात, अशा याद्या १९९३ नंतर अनेक भाषांसाठी तयार झाल्या आहेत. त्यांचे भाषांतर करून भागत नाही. इंग्रजी यादीतील नातेवाचक शब्द एका ओळीत संपतात. आपल्या यादीत आजी, आबा, काका, मामा, मावशी, आत्या, ताई, दादा यांच्या जागा ठेवाव्या लागतील, आणि आजोबांना ज्या घरी 'बाबाजी' म्हणतात तेथे तोच शब्द मोजावा लागेल. नागपुरासाठी यादी करावयाची तर प्रत्येक अर्थासमोर एकाहून अधिक रकाने हवेत: प्रमाण मराठी, वऱ्हाडी किंवा झाडी, हिंदी, आणि घरचा लाडिक शब्द. 'मला' आणि 'मले' यांची किंमत सारखी. 'पाणी', 'पानी' आणि 'मम्मं' यांचीही. इतवारीतील एका घरात, कामठीतील एका घरात आणि उमरेडच्या बाजूच्या एका खेड्यात, आईच्या संमतीने, जेवणाच्या वेळचे अर्धा तास बोलणे दर महिन्याला ध्वनिमुद्रित करण्यापासून या कामाची सुरुवात करता येईल. नोंदीत मुलाच्या उच्चारांइतकीच जागा आईच्या थांबण्याला द्यावी: ती बोलून झाल्यावर किती सेकंद गप्प राहिली, आणि त्या शांततेनंतर प्रथम कोण बोलले.